ताप लपवणाऱ्यांची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' शक्य तेवढे काढलेत. काही राहिलेच असतील.)

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल किंवा रात्री झोप येत नाही म्हणून हेडफोन लावला असेल, सगळ्यांचं स्वागत. मी तोच, दिवसा कोड लिहिणारा आणि रात्री जुन्या गोष्टी उकरणारा.

आजची गोष्ट माझ्याच एका फजितीपासून सुरू होते. गेल्या डिसेंबरात तीन दिवसांची सुट्टी जोडून मी पुण्याहून बाईकवर एकटाच कोकणात निघालो. कराड, मलकापूर, आंबा घाट. घाट उतरून साखरप्याला चहा प्यायला थांबलो, तेव्हा हाताला कप गरम लागायच्या ऐवजी बरा वाटला. तिथेच कळायला हवं होतं. हातखंबा येईपर्यंत दात वाजत होते. रत्नागिरी मागे टाकून काळबादेवीवरून आरे-वारेच्या त्या चढावर पोचलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये. एका वळणावर खाली दोन किनारे एकदम दिसतात, मध्ये डोंगराचं टोक, मागे सुरूचं बन. लोक तिथे गाड्या थांबवून फोटो काढतात. मी तिथे गाडी थांबवून कठड्याला टेकून उलटी केली.

संध्याकाळी जवळच्या गावात ठरवलेल्या घरगुती खोलीवर गेलो. घर चालवणाऱ्या काकूंनी विचारलं, "प्रवासात दमलास काय रे? डोळे लाल झालेत." मी म्हटलं, "हो काकू, धूळ गेली." जेवायला बोलावलं तर म्हटलं, वाटेत खाल्लंय. खोलीत जाऊन एक पॅरासिटामॉल घेतली, दोन चादरी गुंडाळल्या आणि दार आतून लावून घेतलं.

म्हणजे मी ताप लपवला. कोणापासून? ज्या बाई मला पाणी गरम करून देणार होत्या, त्यांच्यापासून!

रात्री अकराच्या सुमारास काकूंनी दार वाजवलं. कण्हण्याचा आवाज बाहेर जात होता म्हणे. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अंग भाजतंय नुसतं! सांगायचं नाय काय? परका समजतोस काय आम्हाला?" मग पेज आली. उकड्या तांदळाची, वर मीठ, बाजूला लोणच्याची फोड. सकाळी त्यांच्या मुलाने स्वतःच्या गाडीवर मागे बसवून डॉक्टरकडे नेलं. साधा व्हायरल ताप होता. तीन दिवसांत उतरला.

पण ते तीन दिवस अंगणात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसलो, तेव्हा एकच प्रश्न डोक्यात. मी का लपवलं? मी शिकलेला माणूस, खिशात विमा कार्ड. तरी परक्या गावात आजारी पडल्यावर पहिला विचार आला तो "यांना कळलं तर बाहेर काढतील" हा. हा विचार माझ्या डोक्यात आला कुठून?

त्याचं उत्तर शोधायला त्याच समुद्राकडे बघायला हवं. मी बसलो होतो तिथून जे पाणी दिसतं, तो एकेकाळी हायवे होता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. त्याआधी बराच काळ रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायचा तो बोटीने. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी बंदरं घेत आगबोट जायची. जयगडहून रत्नागिरीला येणारी बोट गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या समोरूनच जाणार, दुसरा रस्ता नाही. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं लहान होड्यांतून किनाऱ्याला उतरायची.

या बोटीने जाणारे कोण? चाकरमानी. हा आपल्या भाषेतला अस्सल कोकणी शब्द. मुंबईच्या गिरण्यांमध्ये, गोदीत, घरकामाला गेलेला माणूस, ज्याचं अर्धं पोट मुंबईत आणि अर्धं मन गावात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांमध्ये रत्नागिरी सगळ्यात पुढे होता. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्याच जिल्ह्यात होता, हे लक्षात ठेवा.

आता चला १८९६ मध्ये. सप्टेंबर महिना, मुंबईचा मांडवी भाग, धान्याची गोदामं. तिथे डॉक्टर अकाशिओ व्हिएगस यांना काही रुग्ण दिसले. प्रचंड ताप, आणि जांघेत किंवा काखेत गाठ. त्यांनी निदान केलं, गाठीचा प्लेग. आधी फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. मग मृत्यू वाढत गेले आणि लोक पळायला लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ८,२१,७६४. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं, असा अंदाज आहे. गिरण्यांना कामगार मिळेनात.

हे लोक गेले कुठे? जिथे आपण सगळेच जातो तिथे. घरी. बोटींनी, आगगाड्यांनी, पायी.

आता सरकारच्या जागी बसून बघा. रोग एका शहरात आहे आणि शहर चारी दिशांना चाललंय. तेव्हा ब्रिटिश सरकारने घाईघाईत एक कायदा केला. ४ फेब्रुवारी १८९७, साथरोग कायदा. जेमतेम चार कलमं. त्यात सरकारला दिलेला एक महत्त्वाचा अधिकार नेमका प्रवाशांबद्दल आहे. रेल्वेने किंवा आणखी कशानेही प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायची, आणि तपासणाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला वेगळं काढून इस्पितळात किंवा तात्पुरत्या छावणीत ठेवायचं. 'संशय' हा शब्द लक्षात ठेवा. आणि शेवटच्या कलमात काय? या कायद्याखाली चांगल्या हेतूने काही केलं, तर त्या माणसावर दावा लावता येणार नाही.

आता प्रवाशाच्या जागी बसा. कल्याणसारख्या स्टेशनवर गाडी थांबते. सगळे खाली. रांग. डॉक्टर येतो, काख आणि जांघ तपासतो, कारण गाठ तिथे येते. बायकांचीही तपासणी फलाटावर, चारचौघांत, आणि बऱ्याचदा पुरुष डॉक्टरांकडून. यावर तेव्हा प्रचंड संताप उसळला होता. बंदरांवरही तपासणी. तुम्हाला प्लेग नाही, साधा हिवताप आहे. पण अंग तापलंय. संशय आला तर तुमची रवानगी छावणीत, बायकोमुलं फलाटावर. छावणीतून परत आलेले लोक तुम्ही फारसे पाहिलेले नाहीत. सांगा, तुम्ही ताप सांगाल?

मी तर साध्या व्हायरलला लपवला होता, चूल पेटती असलेल्या घरात.

लोकांनी तेच केलं. रुग्ण लपवले, मृत्यू लपवले. पुण्यात तर प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरून झडती घेत होते. सामान बाहेर फेकायचे, जाळायचे. पुढचं आपण शाळेत शिकलोय. २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. आणि लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झालेले टिळक, जे मूळचे याच रत्नागिरीचे. त्यांचं जन्मघर आजही टिळक आळीत आहे, आरे-वारेहून बाईकने अर्ध्यापाऊण तासावर. शाळेत ही गोष्ट आपण स्वातंत्र्यलढ्याची म्हणून शिकतो, आणि ती आहेच. पण तिच्या पोटात आजारी माणसाची एक गोष्ट आहे, ती राहून जाते.

आता यातली सगळ्यात कडू गंमत ऐका. एवढी झाडाझडती माणसांची. पण गाठीचा प्लेग मुख्यतः माणसामुळे पसरत नव्हताच! जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसिन यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं. आजारी उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की पिसू नवीन अंग शोधते, आणि जवळ माणूस असतो. त्यांचं म्हणणं सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे फलाटावर बायकांना रांगेत उभं केलं जात होतं, तेव्हा मालाच्या डब्यातून धान्याची पोती आणि त्यातले उंदीर आरामात पुढच्या गावी जात होते. पहिले रुग्ण धान्याच्या गोदामांच्या भागात का सापडले, ते आता कळलं ना?

तपासणाऱ्यांना दोष देणं आज सोपं आहे. त्यांनाही माहीत नव्हतं. पण एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. जितकी जबरदस्ती वाढे, तितकी लपवाछपवी वाढे. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका विणकराच्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं आणि दंगल उसळली. त्यानंतर हळूहळू सरकारने जबरदस्ती सैल केली. लस सक्तीची न करता समजावून द्यायची, लोकांनी स्वतःहून घरं सोडून बाहेर राहायचं, असं धोरण आलं. आणि गावकऱ्यांना हे समजत होतंच. उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करून माळावर झोपड्या घालून राहायचं, ही त्या वर्षांची आठवण महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहे. तुमच्या पणजीने सांगितली असेल. त्यात विज्ञान काय होतं? उंदरापासून लांब जाणं! छावणीत नेलं तर माणूस पळतो. पण सगळा गाव सोबत माळावर गेला तर त्याला पळायचं कारण उरत नाही.

लशीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अगदी छोट्या जागेत काम करून तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचली ती स्वतःला. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

आणि आणखी एक माणूस. पुण्याजवळ माळरानावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याला एक मुलगा आजारी आहे कळल्यावर सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन आल्या. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तोच महिना, तेच शहर. एकीकडे रुग्णाला घरातून ओढून नेणारी गाडी, दुसरीकडे त्याला पाठीवर घेऊन येणारी साठीची बाई. रुग्ण दोन्हीकडे घराबाहेरच गेला. पण एका वाटेने जायला माणूस तयार झाला असता.

इथे एक मिनिट स्पेनला जाऊन येऊ. हो, स्पेन. १९१८ च्या साथीला आपण 'स्पॅनिश फ्लू' म्हणतो ना? तो स्पेनमध्ये सुरू झाला याला काही पुरावा नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सैनिक आजारी आहेत हे छापायचं नाही. स्पेन युद्धात नव्हता. तिथली वर्तमानपत्रं मोकळेपणाने छापत होती, त्यांचा राजा अल्फान्सो तेरावा आजारी पडला तेही छापलं. मग जगाने काय केलं? ज्याने सांगितलं त्याच्याच नावावर रोग लावला. ज्यांनी लपवलं ते सुटले. त्याच जूनमध्ये मुंबईच्या गोदीत शिपाई आजारी पडू लागले आणि त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे अशी साथ शिरत असताना तिला नाव मात्र मिळालं खरं बोलणाऱ्या देशाचं.

आता मला ती गोष्ट सांगायचीय जी मी टाळतोय.

१३ मार्च २०२०. महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी एक कायदा लागू केला. कुठला? तोच, १८९७ चा. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात गणपती म्हणजे काय हे कोकणातल्याला सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. चाकरमानी आधी चौदा दिवस वेगळा राहणार, मग ते दहा दिवस झाले. बारा ऑगस्टपर्यंत पोचायचं, त्यानंतर येणाऱ्याला टेस्ट सक्तीची. गावागावांत ग्राम कृती दल. काही गावांच्या वेशीवर बांबू आडवे. १८९७ ला फलाटावर परका गोरा अधिकारी होता. २०२० ला बांबूच्या पलीकडे आपलाच चुलतभाऊ उभा होता. त्यालाही दोष देत नाही मी. गावात म्हातारी माणसं, तालुक्याच्या दवाखान्यात मोजके बेड. त्याची भीती खरी होती.

माझे काका मुंबईहून बाराच्या आत गावी पोचले. रत्नागिरी जिल्ह्यातच आहे आमचं गाव, नाव नको. घरातच मागच्या खोलीत वेगळे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांचा वास गेला. अगरबत्तीचा वास येईना. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर गाडी येणार, घरावर फलक लागणार, वाडीत वर्षानुवर्षं 'त्यांच्याकडून आला' म्हणणार, आणि घरचा गणपती बसणार नाही. शंभर वर्षांहून जास्त चालत आलेला गणपती. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. आजी रोज त्यांच्या दाराशी पेज ठेवायची, आणि मुलगा इतक्या दिवसांनी आलाय म्हणून उंबऱ्यावरच बसून गप्पा मारायची. आई ती.

काका दवाखान्यात उशिरा पोचले, पण बरे झाले. आजी त्या सप्टेंबरात गेली.

ही दोन वाक्यं आमच्या घरात कोणी एकापाठोपाठ बोलत नाही. आज मी पहिल्यांदा बोललो. काकांना विचारून बोललो. ते म्हणाले, "सांग. पण मी खोटारडा नव्हतो, एवढं सांग." सांगतो काका. तुम्ही खोटारडे नव्हता. फलाटावर ताप लपवणारा १८९७ चा माणूसही नव्हता. ज्या जागी खरं बोलण्याची किंमत आजारापेक्षा जास्त असते, तिथे चांगली माणसंही गप्प बसतात. रोगाला एवढंच पाहिजे असतं.

माझ्या धंद्यात हे आम्ही फार उशिरा शिकलो. सर्व्हर बंद पडला आणि ज्याच्या चुकीने पडला त्याला सगळ्यांसमोर झापलं, की पुढच्या वेळी चूक होतेच, फक्त कळत नाही. म्हणून चांगल्या टीममध्ये नियम असतो. आधी 'काय झालं' विचारा, 'कोणी केलं' नको. त्याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. नाव भारी आहे, पण आरे-वारेच्या काकूंना ते माहीत नसताना येत होतं. त्यांनी मला विचारलं नाही की पुण्याहून काय घेऊन आलास. तोंडाला पदर लावून आत आल्या, कपाळाला हात लावला, बाहेर जाऊन साबणाने हात धुतले, आणि पेज चढवली. काळजीही घेतली आणि काळजीही केली. दोन्ही एकाच वेळी करता येतं, बघा.

म्हणजे विलगीकरण चूक होतं असं मी म्हणत नाहीये, नीट ऐका. वेगळं ठेवणं बऱ्याच रोगांत गरजेचंच असतं. प्रश्न इतकाच आहे, की वेगळं ठेवलेल्या माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, की सगळा गाव माळावर गेल्यासारखं. कोणी आजारी पडून आपल्या दारात येतो तेव्हा आपण पहिला प्रश्न काय विचारतो, त्यावर तो पुढे खरं बोलणार की नाही ते ठरतं.

चौथ्या दिवशी निघताना मी काकूंना म्हटलं, "मी त्या रात्री तुमच्याशी खोटं बोललो." त्या हसून म्हणाल्या, "धूळ गेली म्हणालास तेव्हाच कळलं मला. समुद्रावरनं आलेल्या माणसाच्या डोळ्यांत कसली रे धूळ!" आणि डब्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या.

परत निघताना त्या वळणावर पुन्हा थांबलो. खाली दोन्ही किनारे, लोक फोटो काढत होते. समुद्रात एक मच्छीमार होडी होती, बाकी काही नाही. ज्या बोटी तिथून गेल्या, त्यांत काखेवर हात दाबून, ताप गिळून घरी निघालेली किती माणसं असतील, त्याची नोंद कुठे नाही. लपवलेल्या गोष्टीची नोंद होत नसते.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या घरात अशी एखादी गोष्ट असेल, कोणीतरी लपवलेला ताप, माळावरच्या झोपडीची पणजीची आठवण, बांबूच्या अलीकडे किंवा पलीकडे उभं राहिल्याची, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव नाही सांगितलंत तरी चालेल. आणि या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा 'कसे आहात' विचारल्यावर 'बरे आहोत' आलं, तर एकदा आणखी विचारा. सांगायला सोपं जाईल अशा आवाजात विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि करा पण.